मालकाची गाडी

"बटाट्याचं सॅलड कोण करणार ते आधी ठरवा," डीकन रोझव्हेल्ट म्हणाला, "फ्लोरिडाचं मग बघू."

त्याचं चुकत नव्हतं. लॅसिटर घराणं दर दोन वर्षांनी जुलैत एकत्र जमायचं. एकदा वर डेट्रॉइटला, एकदा खाली फ्लोरिडात, मूळ गावी, स्वीटगमला. मधल्या महामारीत एक खेप बुडाली होती, त्यामुळे यंदा उत्साह दुप्पट आणि भांडणं तिप्पट होती. चर्चच्या तळघरात समिती बसली होती. टी-शर्टांचा रंग जांभळा ठरला, कारण जांभळ्याला विरोध करणारी मंडळी तोवर पेंगली होती. सॅलडचा प्रश्न मात्र असा झोपेत सुटणारा नव्हता. ते करायचा मान हात सिद्ध झालेल्यालाच मिळे. लग्न होऊन आलेल्या सुनांनी पहिली दहा वर्षं बर्फ आणायचा, असा अलिखित नियम होता. एका सुनेने एकदा त्यात बेदाणे घातले होते. तिचा घटस्फोट झाला. कारण वेगळं होतं, पण बेदाण्यांचा उल्लेख अजूनही होई.

थर्मन लॅसिटर कोपऱ्यातल्या घडीच्या खुर्चीत गप्प बसला होता. वय शहात्तर. उभी हयात त्याने डेट्रॉइटच्या रस्त्यांवर बस चालवली. बाकीच्या ड्रायव्हरांनी टोपी घालणं सोडलं तरी ह्याने सोडलं नाही. पुढे चकचकीत काळं टोक असलेली ती कडक टोपी निवृत्तीनंतरही स्वयंपाकघराच्या दारामागे टांगलेली होती. त्याला सॅलडशी, रंगाशी, कशाशी देणंघेणं नव्हतं. त्याला फक्त स्वीटगमला जायचं होतं. तिथे त्याची मोठी बहीण अर्नेस्टीन राहायची, घरातलं नाव सिस. तिचं हृदय थकलं होतं, डॉक्टरांनी तिचा लांबचा प्रवास बंद केला होता, आणि पाच वर्षांत भावाबहिणीने एकमेकांना पाहिलं नव्हतं. पुढच्या खेपेपर्यंत ती असेल की नाही, हे कोणी बोलत नव्हतं.

थर्मनची मुलगी शरीस समितीची अध्यक्ष. तिने चष्मा लावला. "ऐका. काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या आपल्या संघटनेने इशारा काढलाय. फ्लोरिडात जाण्याआधी विचार करा, म्हणतात. तिथले नवे कायदे आपल्या लोकांच्या विरोधात आहेत, आणि मायकासारख्यांच्याही."

"राजकारण!" रोझव्हेल्ट गरजला. तो चर्चचा मुकादम, घराण्याचा चुलतभाऊ आणि कुठल्याही विषयाचा जाणकार होता. "निवडणुका आल्यात. हे म्हणणार जाऊ नका, ते म्हणणार आलात तर बघा. आपण मधल्या मधे हॉटेलचा ॲडव्हान्स घालवायचा."

"आणि सिस तिथे बाराही महिने राहते," थर्मन पहिल्यांदाच बोलला. "तिला कोण इशारा देतंय? गावातली आपली माणसं काय करतात? आपण गेलो नाही तर त्यांच्याकडे जाणार कोण?"

ह्यावर सगळ्यांनी माना हलवल्या. मुद्दा बिनतोड होता. थर्मनला जोर चढला.

"मी सहा वर्षांचा होतो तेव्हा अख्खा दक्षिण भाग म्हणजे एक मोठा इशाराच होता. तरी बाबा दर उन्हाळ्यात गाडी काढून आम्हाला आजीकडे न्यायचे. कधी काही झालं नाही. उलट मजा! प्रत्येक पोराला बुटांच्या खोक्यात आपापलं जेवण. तळलेली कोंबडी, उकडलेलं अंडं, केकचा तुकडा. बाबा टोपी घालून पुढे असे बसायचे, राजासारखे."

"आजोबा, एक विचारू?"

मायका मागे खुर्च्या मांडत होता. शरीसचा मुलगा, चोविसाचा, वीजदुरुस्तीच्या कामाला लागलेला. तो जन्मला तेव्हा सगळ्यांनी मुलगी म्हणून पेढे, म्हणजे तिकडच्या रीतीने सिगारी, वाटल्या होत्या. पुढे त्याने सांगितलं की हिशेब चुकला आहे, आपण मुलगा आहोत. थर्मनला नवं नाव तोंडात बसायला एक हिवाळा लागला. रागावला की जुनं निघायचं, म्हणून त्याने नातवावर रागावणंच सोडून दिलं. आता मायकाला आजोबांपेक्षा दाट दाढी होती.

"मला राजकारणातलं काही कळत नाही," मायका म्हणाला. "मी फक्त विचारतोय, मला लागली तर जायचं कुठे? स्वीटगमचा आपला हॉल नगरपालिकेचा आहे. नव्या कायद्याने सरकारी इमारतीत मी बायकांच्यात जायचं. ही दाढी घेऊन गेलो तर बायका किंचाळतील. पुरुषांच्यात गेलो आणि कोणी ओळखलं, तर पोलीस."

रोझव्हेल्टला राहवेना. "निघताना घरूनच करून निघायचं," तो म्हणाला. "आमच्या वेळी आम्ही तेच—"

"तीन दिवसांचा कार्यक्रम आहे, डीकनकाका."

हशा झाला. मायकाही हसला. थर्मनला मात्र हसू आलं नाही, आणि का आलं नाही तेही कळलं नाही. "कुणाच्या तरी घरी जाऊन ये. करू काहीतरी," तो म्हणाला. मग हा प्रश्न राजकीय की व्यावहारिक, यावर मतदान झालं. निम्मे राजकीय म्हणाले, निम्मे व्यावहारिक, आणि एका मामांनी सॅलडला मत दिलं. शेवटी ठरलं, सिसला विचारायचं. ती म्हणेल ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी थर्मनने स्वयंपाकघरातून फोन लावला. ती येऊ नका म्हणणार नाही, याची त्याला खात्री होती. किंबहुना म्हणूनच त्याने ही सूचना मांडली होती.

"तुला म्हणून सांगते, थर्म, तुमची समिती म्हणजे कोंबड्यांचा खुराडा आहे," सगळं ऐकून सिस म्हणाली. "आणि ते पोर काय म्हणतं?"

"मायका? तो म्हणतो, लागली तर कुठे जाऊ."

"बरोबर विचारतं."

"अगं, आपण नाही का आजीकडे जायचो? आठवतं तुला? ती नवी ब्युइक गाडी, बाबांची टोपी..."

"मला आठवतं. तुला काय आठवतं, ते सांग."

"बाबा कसे ऐटीत बसायचे! ती टोपी बघूनच मी ठरवलं होतं, आपण ड्रायव्हर व्हायचं."

पलीकडे सिसच्या मागे पंखा घरघरत होता.

"थर्म, ती नोकराची टोपी होती."

"म्हणजे?"

"काळ्या माणसाकडे नवी गाडी दिसली की शेरीफ थांबवायचा. कुठून आणलीस, कोणाची आहे. म्हणून बाबा टोपी घालायचे. म्हणजे सांगता यायचं, मालकाची गाडी आहे साहेब, पोचवायला निघालोय. मागे बसली ती मालकांची धुणंवाली, आणि ती तिची पोरं. ओहायो नदी ओलांडून दक्षिणेत शिरलो की बाबा टोपी चढवायचे. वर तिकडे डेट्रॉइटात कधी पाहिलीस का त्यांच्या डोक्यावर?"

थर्मनने आठवून पाहिलं. नव्हती पाहिली.

"आपल्याला थांबवणारा तो पोलीस पण मग..." तो म्हणाला. "चेष्टेखोर होता तो. मला आठवतंय, सगळे हसले होते."

"तू खिडकीतून डोकं काढून ओरडलास, ‘ही आमची गाडी आहे! माझ्या बाबांनी घेतलीय!’ मी चौदा वर्षांची होते. मला शेरीफचा चेहरा दिसत होता. बाबा हसले. म्हणाले, पोराला थापा मारायची खोड आहे साहेब. मग मागे वळून आईला म्हणाले, ‘बाई, तुमच्या पोराला आवरा.’ बाई म्हणाले, थर्म. आईला. आणि आईने तुझं तोंड दाबलं ते पुढचं गाव येईपर्यंत सोडलं नाही."

तो हात थर्मनला चांगला आठवत होता. त्याला कोंबडीच्या मसाल्याचा वास होता. आईने आपल्याला जवळ घेतलं होतं, असं तो आयुष्यभर समजत आला होता. आपल्या लग्नात, बायकोच्या दफनानंतर, पोरांना कौतुकाने, त्याने ही हकिगत कितीदा सांगितली होती. त्या प्रत्येक वेळी सिस कुठे होती आणि तिचा चेहरा कसा होता, हे आठवायचा त्याने आता प्रयत्न केला.

"मला कोणी सांगितलं का नाही?"

"तुझा आनंद कोण मोडणार? तू टोपी घालून बस चालवायला लागलास तेव्हा आई म्हणाली, राहू दे, एकाला तरी ती शोभली." सिसने दम घेतला. "आता तुमच्या खुराड्यात मांड हे. बाबांची टोपी, ते राजकारण होतं की सोय होती, घ्या मतं."

थर्मनने दारामागच्या टोपीकडे पाहिलं.

"मग तुला भेटायचं नाही आम्ही?" शेवटी त्याने विचारलं. शहात्तर वर्षांच्या माणसाचा आवाज इतका लहान निघू शकतो, हे त्यालाही नवीन होतं.

"मी कधी म्हटलं असं? मला जिवंतपणी भेटायचंय. मेल्यावर तुम्ही जांभळे शर्ट घालून याल, त्याचा मला काय उपयोग? पण माझ्यासाठी त्या पोराने दिवसभर दाबून बसायचं, हे नको. मी बसलेय तशी, त्या गाडीत; वाटेतले संडास काळ्यांना बंद असायचे. तुझ्याशेजारी कोण कसं बसलंय ते तुला कळत नव्हतं, मला कळत होतं." ती जरा थांबली. "आणि ऐक, मी दर महिन्याला हद्दीपलीकडे जॉर्जियात जाते. केस करून घ्यायला."

"अगं, डॉक्टरांनी प्रवास बंद केलाय ना?"

"लांबचा. आणि हे डॉक्टरांना सांगितलेलं नाही. इकडे केसाला हात लावू द्यावा अशी एकही बाई उरलेली नाही. शेजारचा पोरगा सोडतो. केस झाले की मी समोरच्या हॉटेलात भात आणि चवळी खाते. यायचं तर तिथे या, तो कायदा तिथे नाही."

मग मेळावा डेट्रॉइटला, नदीतल्या बेटावरच्या बागेत करायचं ठरलं. निर्णय पूर्णपणे राजकीय असल्याचं रोझव्हेल्टने जाहीर केलं, मतदानातून अंग काढून घेतलं आणि आईसबॉक्स सगळ्यात आधी आणून ठेवला. सॅलड शरीसने केलं. कोणी काही बोललं नाही, म्हणजे उत्तम झालं होतं.

त्याच्या पुढच्या आठवड्यात थर्मन आणि मायका दक्षिणेकडे निघाले. गाडी मायका चालवत होता, कारण थर्मनच्या डोळ्यांना आता महामार्ग जुळे दिसत. टेनेसी अर्धं सरलं तेव्हा थर्मनने बाबांच्या टोपीची गोष्ट सांगितली. ह्यावेळी खरी. मायकाने गाडीचा वेग कमी केला.

"मग तुम्ही आयुष्यभर..."

"पगार चांगला होता," थर्मन म्हणाला. "पेन्शन आहे."

हद्दीअलीकडच्या त्या जॉर्जियातल्या गावात सिस आधीच येऊन बसली होती. केस इतके ताजे की वळून बघताना तिने खांदे फिरवले, डोकं नाही. फार वाळली होती. थर्मनने मिठी मारली तेव्हा हाताला बरगड्या लागल्या.

"म्हातारा झालास," ती म्हणाली.

"तू नाही झालीस."

"मी केसांवर खर्च केलाय." मग तिने मायकाकडे नीट पाहिलं, दाढीला हात लावला. "ही आमच्या बाबांची दाढी. त्यांना वाढवायला मिळाली नाही, नोकरीत चालत नसे. बस खाली."

जेवण आलं. सिस अर्धं बोलत होती, अर्धं खात होती, रोझव्हेल्टची नक्कल करत होती. मध्येच मायकाने इकडे तिकडे बघितलं आणि वाढणाऱ्या बाईंना बाथरूम कुठे ते विचारलं. त्यांनी दुसऱ्या टेबलाचा हिशेब मनात चालू ठेवतच मागच्या दाराकडे हात केला. तो उठून गेला.

सिसचं वाक्य अर्ध्यावरच राहिलं. दोघं भावंडं त्या दाराकडे बघत राहिली. एक जाड मनुष्य आत गेला, थोड्या वेळाने पट्टा आवळत बाहेर आला. भाताची वाफ विरली. सिसने टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली होती.

दार उघडलं. मायका बाहेर आला. त्याच्या मनगटांवरून पाणी ठिबकत होतं आणि चेहरा त्रासलेला होता.

"काय हॉटेल आहे," तो म्हणाला, "हात पुसायला साधा कागद नाही."

"मग तक्रार कर!" सिस एवढ्या मोठ्याने म्हणाली की पलीकडच्या टेबलावरच्यांनी वळून पाहिलं. "मॅनेजरला बोलव. इथेच बोलव. मला ऐकायचंय."

मायका ओले हात हवेत धरून उभा राहिला. ह्यांना एवढं काय झालं, त्याला समजेना. "थांब, रुमाल देतो," म्हणून थर्मन खिसे चाचपू लागला. पँटचे चाचपले, शर्टचा चाचपला, पुन्हा पँटचे चाचपले. रुमाल त्याच्या डाव्या मुठीत होता, केव्हापासून गच्च धरलेला.