सोमवारचा धूर

आमच्या काळ्यांच्या वस्तीत सोमवार नाकाला कळायचा. अलाबामातल्या त्या गावात गोऱ्यांचं सगळं धुणं आमच्याच बायका करायच्या. सकाळी प्रत्येक अंगणात काळ्या लोखंडी हंड्याखाली जाळ लागायचा. साबणाचा उग्र वास, नीळ, खळ, आणि छपरांवर एकमेकांत मिसळणारा धूर. तो वास अजून माझ्या स्वप्नात येतो. पण त्या एका सोमवारी नऊ वर्षांची मी कुंपणावर चढून, कुठेही धूर दिसू नये म्हणून देवाला विनवत होते.

आमच्या माणसांना मत देऊ देत नसत, तरी विनीमावशीचा मुलगा आर्थेल मतदार म्हणून नाव नोंदवायला कचेरीत गेला होता. पायरीवरच शेरीफच्या हाताखालच्या डेप्युटी प्रुइटने त्याला गोळी घातली. चौकशीला बसलेल्या गोऱ्या पंचांनी प्रुइटला दुपारच्या जेवणाआधीच निर्दोष सोडलं.

आणि प्रुइटचे शर्ट माझी आई धूत असे.

रविवारी चर्चमध्ये प्रार्थना संपल्यावर वळणापलीकडच्या टेम्पीकाकू उभ्या राहिल्या. "उद्या कुणीही हंडा पेटवायचा नाही," त्या म्हणाल्या. "आपल्याच पोरांचं रक्त आपणच किती दिवस धुवायचं?" कुणीतरी हळूच आमेन म्हटलं. घरी जाताना मात्र जो तो दुसऱ्याच्या अंगणातल्या हंड्याकडे बघत होता.

सोमवारी आईने सवयीने हंडा भरला, खाली लाकडं रचली आणि पायरीवर बसली. काडेपेटी एप्रनच्या खिशात. पायाशी प्रुइटांचं गाठोडं, वर खाकी शर्टाची बाही लोंबत असलेली. त्या बाहीकडे बघवत नव्हतं.

"आई, बाकीच्यांनी पेटवले तर? मग आपण दोघीच उरू."

"ओझेला, तोंड बंद. धूर बघ."

आकाश कोरं होतं. मग टेम्पीकाकूंच्याच अंगणातून काळा धूर वर चढला.

"आई, टेम्पीकाकू!"

आईचा हात खिशात गेला. "बघून ये. पळू नकोस, लोक बघतात."

वळणापर्यंत चालले, मग पळत सुटले. टेम्पीकाकू बाह्या सारून, पाय धरून एकेक कोंबडी उकळत्या हंड्यात बुडवत होत्या.

"काकू, धूर!"

"मग? पिसं काय थंड पाण्यात निघतात? विनीकडे एवढी माणसं जमलीत, त्यांना काय भाषणं वाढू?" मग त्यांना उमगलं. "अगं बाई! तुझ्या आईला वाटलं असेल... पळ, पोरी, पळ!"

आमच्या फाटकाशी मिसेस प्रुइटची गाडी उभी होती. बाई आतच बसून होती. आई गाठोडं उचलून खिडकीपाशी उभी. मी कुंपणाशीच थांबले. त्या बाईसमोर बोलणार कशी?

"लुव्हिनिया, हंडा अजून थंड?" ती आईला म्हणाली. "उद्या यांना शर्ट लागणार आहेत."

"आज धुणं नाही, बाईसाहेब."

"तुमची ती टेम्पी तर धुतेय. तो बघ धूर. तुलाच कसलं वारं लागलंय?"

आईने धुराकडे पाहिलं. कोंबड्या आहेत गं आई, कोंबड्या! मी मनात किंचाळत होते.

"तिचं ती बघेल," आई म्हणाली. तिने गाठोडं खिडकीतून सीटवर ठेवलं. "आर्थेल माझ्या बहिणीचा मुलगा होता."

"हे मी यांना सांगू?"

"सांगा."

गाडी गेली तशी मी आईकडे धावले. मी कोंबड्यांचं सांगितलं. तिने कपाळावर हात मारला.

"ही टेम्पी मला मारणार," ती म्हणाली. "कोंबड्यांपायी मारणार."

दिवस कलताना वस्तीतल्या बायका आल्या. काकूंनी कोंबडीचं पातेलं आणलं होतं. सगळ्या आमच्या ओसरीवर दाटीवाटीने बसल्या. तेवढ्यात प्रुइटची गाडी आली आणि फाटकाशी मंदावली. काकूंनी चमचा वर धरला. "तंगडी कुणाला हवीय?" त्या मोठ्याने म्हणाल्या. चमच्यातला रस्सा त्यांच्या मांडीवर सांडत होता. गाडी कोपऱ्यापर्यंत गेली, वळली, परत आली. एकही बाई उठली नाही. मग गाडी निघून गेली.

पुढच्या सोमवारीही हंडे थंडच होते, आणि त्याच्या पुढच्याही. थंडी पडली तेव्हा कचेरीच्या पायऱ्यांवर नाव नोंदवायला आमच्या माणसांची रांग लागली. आई त्या रांगेत उभी होती आणि मी तिचा हात धरला होता. आर्थेल पडला त्या पायरीवर आलो तेव्हा माझी बोटं दुखेपर्यंत तिने आवळली.