बैठकीची पायरी

वेंडेल हॅस्केटच्या डोक्यातून एकेक गोष्ट निसटायला लागली तेव्हा त्याच्या बायकोला वाईट वाटलं, भीती वाटली, आणि आणखीही काही वाटलं, पण ते तिने कुणालाच सांगितलं नाही. लोर्नाच्या मनात आलं, आता या घराच्या भिंती पाडता येतील.

घर वेंडेलच्या वडिलांनी बांधलेलं. कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बराला भूकंप झाला, गावाचा बाजारभाग भुईसपाट झाला आणि मग जो तो स्पॅनिश धाटणीचं घर बांधायला लागला, त्या काळातलं. रस्त्यावरून जाणारा थांबून बघायचा. पांढऱ्या जाडजूड भिंती, लाल कौलं, कमानी, खिडक्यांना घडीव लोखंडी जाळ्या. आत राहणाऱ्याचं दुखणं वेगळं होतं. खिडक्या एवढ्याएवढ्याशा, छताच्या तुळया काळ्याकुट्ट, स्वयंपाकघर म्हणजे बोगदा. बैठकीची खोली जेवणघरापेक्षा एक पायरी खाली, त्यामुळे तिथे बसलं की विहिरीत बसल्यासारखं वाटायचं. मे-जूनमध्ये समुद्रावरचं धुकं गावात मुक्कामाला आलं की घरात दिवस उगवायचाच नाही.

लोर्ना फ्रेस्नोची. रणरणत्या उन्हात, द्राक्षांच्या मळ्यात वाढलेली. नवी नवरी म्हणून आली तेव्हा तिने स्वयंपाकघराला पिवळा रंग द्यायची गोष्ट काढली होती. वेंडेल म्हणाला, "आईला विचार." सासूने मान वर न करता सांगितलं, "या घराला पिवळा शोभत नाही." पुढे सासू गेली. बरेच महिने जाऊ दिल्यावर लोर्नाने पुन्हा विषय काढला, तेव्हा वेंडेल हसत म्हणाला, "या घरातली एक टाइल हलणार नाही, लोर्ना. मी गेल्यावर काय घालायचा तो गोंधळ घाल."

नवरा म्हणून तो वाईट नव्हता. बंदरावर त्याचं बोटींच्या सामानाचं दुकान होतं, आवाज चढवणं त्याला ठाऊक नव्हतं, लेकीवर जीव. फक्त घराचं नाव काढलं की तो दगड व्हायचा. लोर्नाने बोलणं सोडलं. इच्छा मात्र सुटली नाही, ती आतल्या आत मुरत राहिली.

आजार आला तो चोरपावलांनी. आधी किल्ल्या हरवल्या, मग गिऱ्हाइकांची नावं, मग जावयाचं नाव. दुकान विकावं लागलं. रस्त्यावर तो चुकायचा, एकदा तर स्वतःच्याच गल्लीच्या तोंडाशी पोलिसांना सापडला. घरात मात्र कधी चुकला नाही. सकाळी उठून भिंतीवरून हात फिरवत यायचा, कॉफी घ्यायचा, जेवणघर ओलांडायचा आणि खाली न बघता पायरी उतरून आपल्या खुर्चीत बसायचा. तिथे बसला की जुना वेंडेलच वाटायचा.

घर आजारी माणसाला सुरक्षित आहे का, ते बघायला हॉस्पिटलकडून एक बाई आली. न्हाणीघराचं दार अरुंद आहे, टब उंच आहे आणि बैठकीची ही पायरी म्हणजे धोका, असं ती म्हणाली. त्यांची मुलगी फीबी व्हेंचुराहून मुद्दाम आली होती. तिने तो शब्द पकडला.

"आई, बाबा या पायरीवरून पडले ना, तर मी तुला आयुष्यभर माफ करणार नाही."

"अगं, जन्म गेला त्यांचा या पायरीवर."

"तेव्हाचे बाबा वेगळे होते. तू ऐकणार आहेस की नाही?"

"बरं बाई, करू या," लोर्ना म्हणाली. आवाजात नाइलाज होता. नजर मात्र स्वयंपाकघराच्या भिंतीकडे गेली होती.

कामाला तालामांतेस नावाचा कंत्राटदार आला. गोलमटोल, बोलघेवडा, दर वाक्याला हसणारा. तो खोल्याखोल्यांतून फिरला, भिंतींवर बोटं वाजवली.

"पायरी काढायची म्हणजे मॅडम, बैठकीची अख्खी जमीन वर उचलावी लागेल."

"उचला."

"न्हाणीघरातल्या या हिरव्या टाइल्स फुटतील बरं का. अशा आता मिळत नाहीत."

"फुटू देत." मग जरा थांबून ती म्हणाली, "आणि स्वयंपाकघराची ही भिंत? ही पाडता येईल?"

तालामांतेसने भिवया उंचावल्या. "हॉस्पिटलच्या बाईंनी भिंतही सांगितली?"

"मी सांगतेय."

"मग झालंच," तो हसला. "आमच्या धंद्यात डॉक्टरपेक्षा घरमालकीण मोठी."

वेंडेलला फीबीकडे नेलं आणि लोर्नाने पदर खोचावा तशा बाह्या सारल्या. पायरीपासून सुरू झालेलं काम कुठल्या कुठे गेलं. भिंत गेली. काळ्या तुळयांवर पांढरा रंग चढला. स्वयंपाकघराच्या मागच्या बाजूला मोठी खिडकी बसली. तिच्यातून लिंबाचं झाड दिसायला लागलं; इतकी वर्षं ते फक्त अंगणात गेल्यावर दिसायचं. जमिनीच्या लाल फरश्या उखडून फिकट वाळूच्या रंगाच्या गुळगुळीत टाइल्स घातल्या. लोर्ना दुकानादुकानांतून नमुने आणायची, उन्हात धरून बघायची, रात्री अंथरुणात पडल्यावर त्यांचाच विचार करायची. बाजारात कुणी ओळखीचं भेटलं की सुस्कारा टाकून म्हणायची, "काय करणार, वेंडेलसाठी करावं लागतंय." सुस्कारा इतका छान साधायचा की तिचं तिलाच अवघडल्यासारखं व्हायचं.

फीबीचा फोन यायचा. "बाबा सारखं घरी जायचं म्हणतायत. दारात टोपी घालून उभे राहतात."

"थोडे दिवस अजून. रंग सुकू दे."

रंग सुकला. फीबी त्याला घेऊन आली त्या दिवशी धुकं नव्हतं, घर आरशासारखं लखलखत होतं. बाहेरून काहीच बदललेलं नव्हतं, त्यामुळे वेंडेल भराभर चालत आला, कमानीखालून शिरला, दार उघडलं आणि जागीच थबकला. त्याने टोपी काढून हातात घेतली.

"लोर्ना," तो हळू आवाजात म्हणाला, "चुकीच्या घरात आलो आपण. चल, ते लोक यायच्या आत निघू या."

"आपलंच आहे रे. बघ, किती उजेड आलाय."

त्याने भिंतीसाठी हात लांब केला. तिथे भिंत नव्हती. हात तसाच हवेत राहिला.

फीबी म्हणाली, होईल सवय. सवय झाली नाही. वेंडेल दिवसभर सोफ्याच्या कडेवर पाहुण्यासारखा बसून राहायचा. न्हाणीघर सापडायचं नाही, आणि सापडलं तरी आत जायला लाजायचा. एका सकाळी त्याने लोर्नाला अदबीने विचारलं, "बाई, तुमच्या हॉटेलात नाश्ता कधी मिळतो?" तिला आधी हसू आलं. मग तिच्या लक्षात आलं, जुन्या घरात तो तिला एकदाही विसरला नव्हता. त्या दिवसापासून ती 'बाई' झाली ती झालीच.

त्याचे पाय मात्र घर ओळखून होते. बैठकीकडे जाताना, जिथे पायरी असायची तिथे आला की तो अजून पाय खाली सोडायचा; परत येताना उचलायचा, न दिसणारी पायरी चढल्यासारखा. राहिलेलं काम करायला आलेल्या तालामांतेसने ते पाहिलं.

"मॅडम, साहेब अजून जुन्याच घरात चालतायत," तो म्हणाला. नेहमीसारखा हसला आणि कामाला लागला.

"विसरतील," लोर्ना म्हणाली. "बाकी सगळं विसरतात, हेही विसरतील."

जूनमध्ये धुकं आलं. एका सकाळी लोर्ना नव्या खिडकीशी ओट्स ढवळत होती. कॉफीचा पेला घेऊन वेंडेल बैठकीकडे निघाला. तिने पाठ वळवलेली होती, तरी तिला सगळं कळलं. चालता चालता तो क्षणभर थांबला, कारण इतकी वर्षं तो तिथे क्षणभर थांबायचा. मग त्याने पाय खाली सोडला. जमीन आधीच आली. पेला फुटल्याचा आवाज आला आणि त्यामागून दुसरा, पोत्यासारखा जड.

खुब्याचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रिया झाली, पण तो पुन्हा पायावर उभा राहिला नाही. माणसांची उरलीसुरली ओळखही हॉस्पिटलातच राहिली. घरी ठेवणं शक्य नव्हतं. गावाबाहेरच्या एका शुश्रूषागृहात त्याला खोली मिळाली.

फीबी हॉस्पिटलच्या कठड्याशी उभी राहून रडली. "मीच म्हणाले होते ना आई, पायरी काढ म्हणून. मीच मागे लागले."

"तुझा काय दोष," लोर्ना म्हणाली. पुढचं वाक्य तोंडात आलं होतं. तिने ते गिळलं. त्यानंतर फीबी भेटली की पुन्हा तेच म्हणायची, आणि लोर्ना पुन्हा तेवढंच उत्तर द्यायची.

ती रोज वेंडेलकडे जायची. नव्या घरात एकटीने थांबणं नको व्हायचं. तिथे तो शांत होता. त्या खोलीत त्याला शोधण्यासारखं काही नव्हतं. नोव्हेंबरातल्या एका दुपारी ती संत्रं सोलून त्याला फोडी देत होती.

"लग्न झालंय तुमचं, बाई?" त्याने विचारलं.

"झालंय."

"माझंही झालंय. फ्रेस्नोची आहे. तिकडे ऊन फार." त्याने फोड चघळली. "भर दुपारी स्वयंपाकघरात दिवा लावून बसायची ती. मी जाता-येता बंद करायचो. ती परत लावायची. भांडली नाही कधी. मी आपला बंद करतोय, ती लावतेय." तो हसला आणि हसता हसता त्याचा चेहरा उतरला. "बरं नाही केलं मी."

लोर्नाच्या हातातलं संत्रं तसंच राहिलं. "मग सांगायचं होतं तिला."

"सांगायचंय. घरी गेलो की सांगणार." तो पुढे वाकला. "त्या स्वयंपाकघराची एक भिंत आहे. ती पाडून टाकायची म्हणतोय. तुमच्या ओळखीचा आहे का कुणी चांगला माणूस?"

"आहे एक."

"काम बरं करतो?"

"बरं करतो."

"मग त्याला सांगून ठेवा. तिला मात्र कळू देऊ नका हं. काम झाल्यावर एकदम दाखवायचं."

"नाही सांगत," लोर्ना म्हणाली आणि उरलेल्या फोडी त्याच्या तळहातावर ठेवल्या.

फेब्रुवारीत छातीत कफ साचला आणि वेंडेल गेला. दफन झाल्यावर माणसं पांगली. फीबी आईच्या गाडीत येऊन बसली आणि पुन्हा तेच सुरू झालं, मी म्हणाले नसते तर, मी मागे लागले नसते तर.

"फीबी, पुरे," लोर्ना म्हणाली. "तू नाही केलंस. तुझ्या जन्माच्या आधीपासून मला ते घर फोडायचं होतं. बाबा विरोध करू शकेनासे झाले, तेव्हा मी फोडलं. तू फक्त मला निमित्त दिलंस."

फीबीने तिच्याकडे पाहिलं. "इतके महिने तू मला रडू दिलंस?" एवढंच म्हणाली आणि दार उघडून उतरली, नवऱ्याच्या गाडीकडे गेली.

ती वाईट मुलगी नाही. दर रविवारी फोन करते, औषधं घेतलीस का विचारते, हवेपाण्याचं बोलते. तेवढं झालं की, ठेवते आता, म्हणते.

घर विकायला काढलंय. बघायला येणारी तरुण जोडपी स्वयंपाकघरात शिरली की हमखास म्हणतात, "काय सुंदर उजेड आहे इथे!" लोर्ना त्यांच्याबरोबर आत जात नाही. ती अंगणात थांबते, ते बाहेर येईपर्यंत.