वाफेचा दोष

बाळ वर्षाचं झालं तरी मान धरेना, हातपाय मध्येच ताठ व्हायचे. मोठ्या दवाखान्यात त्याला सेरेब्रल पाल्सी असं नाव मिळालं, आणि घरातले समस्त तज्ज्ञ कारण शोधायला बसले.

मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, "पोटुशी असताना ही इस्त्रीच्या दुकानात उभी राहायची. ती वाफ गेली बाळाच्या डोक्यात." नणंदेच्या मते सून फार रडायची. चुलत सासऱ्यांच्या मते फार हसायची. दोन्ही मतं एकमताने मंजूर झाली, कारण दोन्हींत दोष सुनेचाच होता. नवरा मोबाइलमध्ये डोकं घालून बसला. गप्प बसण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं.

खरं सांगायचं तर सुनेलाही ते पटायला लागलं होतं. हातात इस्त्री घेतली की तिचा जीव कासावीस व्हायचा. आपणच लेकराचं वाटोळं केलं, असं तिच्या मनाने घेतलं होतं.

म्हणून तपासण्या झाल्यावर, नवरा आणि सासूबाई शेजारी बसलेले असतानाच, डॉक्टरीणबाईंना तिने आधी तेच विचारलं, "वाफेनं झालं का हो?"

"वाफेनं? भलतंच काय!" बाई म्हणाल्या. "पुष्कळदा कारण सापडतच नाही. याच्या तपासण्यांत मात्र काविळीची खूण दिसतेय. जन्मल्यावर पिवळं पडलं होतं का?"

"हो. दूध ओढत नव्हतं, नुसतं झोपायचं."

"मग लगेच का नाही आणलंत? कावीळ मेंदूपर्यंत गेली. दवाखान्यात काविळीच्या निळ्या दिव्याखाली ठेवलं असतं तर बहुतेक टळलं असतं."

सासूबाई एकाएकी खिडकीबाहेर बघू लागल्या. बाळाला घेऊन दवाखान्यात निघालेल्या सुनेला त्यांनीच दारातून परत फिरवलं होतं. पिवळं कसलं, गोरं आहे, आमच्या वळणावर गेलंय, म्हणाल्या होत्या. मग आठवडाभर नातेवाईक येऊन त्या रंगाचं कौतुक करून गेले.

बाहेर येताच सासूबाईंना कंठ फुटला. "तुझ्या माहेरी कुणाला कावीळ होती का गं?"

सून थांबली. छातीवरचा धोंडा उतरला होता, आणि त्या जागी संताप उसळला होता.

"नव्हती. मी पिवळं म्हणत होते, आई. तुम्ही गोरं म्हणत होतात."

"मीही गोरंच म्हणालो होतो," नवरा खाली बघत म्हणाला.

सासूबाईंनी नातवाकडे पाहिलं. कावीळ उतरल्यापासून तो चांगला सावळा होता, थेट आईसारखा.