सातव्या रिळातला नाखवा

मी एक जुने रीळ आहे. अख्खा चित्रपट नव्हे हं मित्रांनो, त्यातले फक्त सातवे रीळ. पूर्वी चित्रपट पत्र्याच्या गोल डब्यांतून गावोगाव जात असत आणि एकेका डब्यात जेमतेम दहा मिनिटांची गोष्ट मावत असे. त्यामुळे माझ्या गोष्टीला ना आगा ना पिछा. दीपगृहाच्या रखवालदाराचा मुलगा बापाच्या खुन्याच्या मागावर भर वादळात होडी लोटतो, एवढेच माझ्या वाट्याला आले. तो का निघाला हे सहाव्याला ठाऊक आणि पोहोचला की बुडाला हे आठव्याला.

अंधेरीच्या एका गोदामात आमचा मुक्काम असे. शेजारच्या फळीवर एका दरोडेखोरांच्या चित्रपटाचे चौथे रीळ होते. त्यात नायकाची आंधळी आई देवळाच्या पायरीवर मुलाची वाट बघत बसलेली. तिला पुढे दिसू लागले का, हे त्या बिचाऱ्याला शेवटपर्यंत कळले नाही. वरच्या फळीवरच्या रिळात खजिन्याचा नकाशा दोन भावांत फाटत होता आणि दोघे वाळवंटात पाण्यावाचून तडफडत होते. मोठा तोरा होता त्याला! ते वाळवंट म्हणजे मढची पुळण आणि चौथ्यातले दरोडेखोरांचे खोरे म्हणजे बोरिवलीपलीकडची दगडाची खाण, हे आम्हां सगळ्यांना माहीत होते. आमच्यात खरे असे फारसे काही नसायचेच.

माझ्यात मात्र एक गोष्ट खरी होती. माझे वादळ वेसाव्याच्या किनाऱ्यावर घेतलेले, आणि ते आषाढातले खरेखुरे वादळ होते. नायकमहाशय गुडघाभर पाण्यातच पाय वर घ्यायचे. मग कोळीवाड्यातल्या बळवंत नाखव्याला त्यांचा निळा सदरा घातला आणि होडीत बसवले. कॅमेरा पाठीमागे. 'मागे बघू नकोस,' असे त्याला दहादा बजावले होते. होडी एका लाटेवर उभी राहिली, कलली, आता गेलीच असे वाटले, आणि बळवंतने ती सरळ केली. तेव्हा भान विसरून तो मागे वळला आणि खदखदून हसला. किनाऱ्यावर त्याची बायको मथुरा उभी होती, तिला पाहून. तसली लाट पुन्हा कुठे मिळायची? म्हणून ते हसू चित्रपटात तसेच राहिले.

चित्रपट लागला तोवर बळवंत नव्हता. नारळी पौर्णिमेनंतर त्याची होडी गेली ती परतलीच नाही. मथुराबाई पोटुशी होत्या. सगळ्या कोळीवाड्याने त्यांना धरून चित्रपटगृहात नेले. मी पडद्यावर आले, बळवंत हसला आणि त्या उभ्या राहून ओरडल्या, "आलाय, आलाय तो!" लोकांनी शिट्ट्या थांबवल्या. पुढे चित्रपट उतरेपर्यंत त्या रोज येत. त्यांची विनिता तेव्हा पोटात होती. घरात बळवंतचा एकच फोटो, लग्नातला, मुंडावळ्यांनी अर्धा झाकलेला. विनिताने बाप पाहिला तो एवढाच.

नंतर आमचे दिवस गेले. चित्रपटगृहांत संगणकावरून चित्रपट दिसू लागले आणि आम्हांला भंगारात काढले. ते चौथे रीळ, ते नकाशावाले, सगळे एका टेम्पोत गेले. मला मात्र गोदामात काम करणाऱ्या चंद्रप्रकाशने बाजूला काढले. मथुराबाई त्याच्याकडे मासळी घेऊन यायच्या आणि दर वेळी म्हणायच्या, "तुमच्या सातव्या डब्यान माजा नवरा हाय." त्याने डबा त्यांच्या टोपलीत ठेवला आणि सांगितले, "मथुराबाई, एवढाच उरलाय. ओल लागू देऊ नका."

मित्रांनो, हे शब्द त्यांनी देवाच्या शब्दासारखे पाळले. डब्याला फडके गुंडाळले, त्यावर प्लास्टिक, त्यावर सुतळी, आणि मला माळ्यावर ठेवले. विनिताने कितीदा तरी हट्ट धरला, पण त्यांनी डबा उघडू दिला नाही. आता आम्हांला लागतो वारा! कोंडले की आम्ही आतून आंबतो. त्या घरात मला रोज हळदकुंकू लागत होते आणि मी आत नासत होते.

विनिता चार बंगल्याच्या बाजारात मासे विकते. तिच्या एका गिऱ्हाइकाचे, श्रुतिकाचे, काम जुने चित्रपट साफ करून संगणकावर उतरवण्याचे. विनिताने विचारताच श्रुतिकाने शोध घेतला. मूळ फीत केव्हाच नष्ट झाली होती, दुसरी प्रत कुठेही नव्हती. "सोमवारी घेऊन या मावशी," ती म्हणाली, "बाबा हलताना, हसताना दिसतील तुम्हांला." विनिता त्या दिवशी बाजारात ज्याला त्याला हेच सांगत सुटली.

ती उत्तनला एका लग्नाला गेली असताना मथुराबाईंनी सुतळी सोडली. डब्यातून आंबूस भपकारा आला. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, पण नाक शाबूत. "ओल लागली गो," त्या शेजारणीला म्हणाल्या. "असा नेला त लोका नाक धरतील. दोन उन्हा दावते, कडक होल."

ओल लागली की ऊन. जन्मभर त्यांनी हेच केले होते. त्यांनी मला वलांडीवर, बोंबील वाळवायच्या बांबूंवर, पदरापदराने पसरले. एका बाजूला बोंबील, एका बाजूला मी. चैत्रातले ऊन, खारा वारा, वर कावळे हाकलायला त्या स्वतः काठी घेऊन बसलेल्या. मी ओरडत होते हो! माझे रंग उडाले, कडा वळल्या, चित्रांचा थर पापुद्र्यांनी सुटून वाळूत पडला. मला मायेने परतून परतून त्या मारत होत्या आणि मला त्यांचा राग येत नव्हता, हेच सर्वांत वाईट.

शेवटच्या खेळानंतर मला उलटे गुंडाळायचे राहून गेले होते. म्हणून माझा शेवट बाहेर होता आणि सुरुवात पोटात. पोटातले थोडे वेढे चिकटून बसले होते, ते सुटेनात म्हणून ऊन त्यांना लागले नाही.

सोमवारी श्रुतिकाने डबा उघडला. "आजी, हे उन्हात ठेवलं होतं का?"

"चांगला कडक केलाय," मथुराबाई अभिमानाने म्हणाल्या. "आता वास येतो काय?"

श्रुतिकाने विनिताकडे पाहिले. विनिताला समजले. तिने मान हलवून श्रुतिकाला खूण केली, काही बोलू नकोस. पोटातले वेढे तेवढे सोडवून श्रुतिकाने ते पडद्यावर लावले. लालसर पाऊस. होडी. निळ्या सदऱ्यातली एक रुंद पाठ, वल्ह्यावर वाकलेली. विनिता खुर्चीवरून उठून पडद्याजवळ गेली. लाट वर आली, होडी उभी राहिली आणि पडदा पांढरा झाला.

मथुराबाईंना पडद्यावर नुसता उजेड दिसत होता. त्यांनी विचारले, "मागं बगला त्यानं?"

विनिताने डोळे पुसले. "बगला, आये."

"हसला?"

"हसला."

"तुज्यासारकाच ना गो?"

"व्हय आये. माज्यासारकाच."

म्हातारी समाधानाने घरी गेली. विनिता घरी जाऊन आरशासमोर उभी राहिली आणि हसून बघायला लागली. तिला काही ते जमले नाही. मलाही तिने परत आणले होते; मी तिथेच फळीवर होते, उरलेल्या साली घेऊन.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणाचा आवाज, कुणाचे हसू कुठल्या डब्यात बांधून ठेवले असेल. ते नुसते जपू नका. जपणाऱ्यांनीच माझा जीव घेतला. ते आज उघडा, ज्याचे आहे त्याला आज दाखवा, आणि कसे सांभाळायचे ते विचारून घ्या. बळवंत खरोखर हसला होता, कपाळावरचे पाणी मनगटाने पुसत, डावीकडून मागे वळून. मथुराबाई गेल्या की हे ठाऊक असणारे मी एकटेच उरेन, आणि ज्या मुलीला ते दाखवायचे होते, तिला मी आता काहीच दाखवू शकत नाही.