टाझबेकचे लाल बूट

मी टाझबेक बोलतोय. खरा नव्हे, चित्रातला. खरा टाझबेक म्हणजे जुन्या गोष्टीतला टकला मेंढपाळ. झोपलेल्या खानाच्या उशाखालून त्याने धान्याच्या कोठाराची किल्ली पळवली आणि उपाशी गाव जगवलं. तो कोणाच्या बापाचा नाही, सगळ्यांचा.

मला काराकोल गावच्या बेगाइमने काढलं. कॉलेज सोडलेली, म्हणजे नातेवाइकांच्या भाषेत वाया गेलेली. चित्रं काढून ती एका संकेतस्थळावर ठेवायची. जगात कुणाला ती वापरायची असली, की पैसे भरून परवाना घ्यायचा. त्यावर तिचं घर चालायचं, आणि त्याच घरात तिचे आजोबाही जेवायचे.

संकेतस्थळाचा नियम सरळ होता. जुन्या लोककथेतलं पात्र खुशाल काढा, पण रूप त्या जुन्या गोष्टीतलंच हवं. नंतर कोणी त्यात घातलेली भर उचलायची नाही. बेगाइमला आधी एकदा ताकीद मिळाली होती. पुन्हा चुकलं तर खातं बंद.

म्हणून तिने आजोबांना विचारलं. सागिन आजोबा निवृत्त मास्तर. मेजवानीत मानाचं म्हणून मेंढीचं डोकं त्यांच्याच पुढ्यात येतं, आणि मागोमाग टाझबेकची गोष्ट.

"आजोबा, त्याच्या पायात काय होतं?"

"लाल बूट. टोकं वर वळलेली. हजार वर्षं तेच."

"नक्की ना?"

"मला विचारतेस? वर्गात टिकता आलं नाही, आणि मास्तरची परीक्षा घेतेस?"

तिने मला लाल बूट घातले. मी खपलो. चहाच्या पुड्यांवर गेलो, पोरांच्या दप्तरांवर गेलो. मग तक्रार आली. ते बूट एका जुन्या कार्टूनपटातले निघाले. तो सिनेमा कधीकाळी ट्रकमधून उन्हाळी कुरणांवर फिरायचा. दोन खांबांना चादर बांधून तो पाहिलेली पोरं पुढे म्हातारी झाली, मानाच्या जागी बसली, आणि तोच सिनेमा आजीची गोष्ट म्हणून सांगू लागली.

खातं वाचवायची संकेतस्थळाने एक वाट ठेवली. ज्यांनी हे बूट सांगितले, त्यांनी चूक झाल्याचं दोन ओळींत लिहून द्यावं.

"आजोबा, टाझबेक तंबूत शिरला तेव्हा खानाचं कुत्रंसुद्धा भुंकलं नाही, असं तुम्हीच सांगता ना?"

"मग?"

"का भुंकलं नाही?"

"पाऊल वाजलंच नाही. अनवाणी होता तो," म्हातारा बोलून गेला आणि चहाच्या वाटीत बघत बसला.

"एवढंच लिहून द्या."

"माझी ऐंशी तोंडावर आलीय. सगळं गाव जेवायला येणार. तेव्हाच लिहून देऊ, की सागिनला गोष्ट येत नाही?"

"माझं खातं जाईल, आजोबा."

"जाऊ दे. लग्न कर."

खातं गेलं. मी पुसला गेलो, आणि माझ्याबरोबर तिची सगळी चित्रं.

आता मी एकाच ठिकाणी उरलोय. आजोबांच्या ऐंशीच्या मेजवानीत त्यांच्या पाठीमागे भलामोठा फलक लावलाय, त्यावर. बेगाइमच्या चुलतभावाने तिच्या संगणकातून मला उचललं. तिला विचारलं कोणी नाही, परवाना तर दूरच. आजोबांनी आजही गोष्ट सांगितली, फक्त कुत्र्याचं वाक्य गाळलं. कोणाच्या लक्षात आलं नाही. सगळे हाडं चोखत माना डोलवत होते. बेगाइम चहा ओतत होती. तिने एकदाच वर पाहिलं, माझ्या पायांकडे.

मंडळी, हात पुसून झाले की तुम्हीही एकदा वर बघा. आणि माझे हे बूट कोणीतरी काढा. हे घालून मी खानाच्या दारापर्यंतही पोचलो नसतो.