समोरची खुर्ची

काळ्या कोटाच्या बाहीवर रफू केलेली जागा आतल्या खोलीत काळी दिसत होती आणि दुकानाच्या दारात, उन्हात धरली की निळी. कावळ्याच्या मानेवर असतो तेवढाच निळा, पण होता.

मालकांनी कोट रफू करणाऱ्या धाकटीच्या हातात दिला आणि दुसरीकडे पाहिलं. इस्त्रीवाला मात्र बोललाच. "गिऱ्हाइकाच्या आधी आपल्याला दिसलं, नशीब म्हणा."

चूक तिच्या लगेच लक्षात आली. रफूचे धागे त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतून काढायचे असतात, म्हणजे रंग जुळवावा लागत नाही. टेबलावर दोन कोट होते, एक काळा, एक गडद निळा. तिने एकाचे धागे दुसऱ्याला घातले होते. नवशिकीनेही असं केलं नसतं.

"डोळे दाखवून या," मालक म्हणाले. "आणि टेबल बाहेर काचेपाशी आणा म्हणून मी केव्हाचा घसा कोरडा करतोय."

"बाहेर दोन टेबलं मावत नाहीत."

"दोन कशाला?"

आतल्या खोलीत दोन टेबलं समोरासमोर होती, दुसरं थोरलीचं. दोघी बहिणी नव्हत्या. एकाच कामाच्या दोन बायका म्हणून मालकांच्या वडिलांनी ही नावं पाडली आणि ती चिकटली. दोन वर्षांपूर्वी थोरली सुनेच्या बाळंतपणाला लेकाकडे गेली. लगेच येते म्हणाली होती. नातू आता घरभर पळत होता. तिची खुर्ची धाकटी रोज पुसायची, आणि टेबल हलवायचा विषय निघाला की म्हणायची, "ती येणार आहे."

डोळ्यांची डॉक्टर तरुण होती, पण घाईची नव्हती. तिने भिंगं बदलली, अक्षरं वाचून घेतली, डोळ्यांत उजेड टाकून पाहिला.

"मोतीबिंदू नाही. डोळे थकलेत आणि कोरडे पडलेत. काम करताना मध्ये मान वर करता का?"

"कशाला?"

"लांबचं बघायला. जवळचं बघताना डोळ्यातला स्नायू आवळलेला असतो. दिवसभर मूठ आवळून बसलात तर हात दुखेलच ना? लांब पाहिलं की मूठ सुटते. आणि पापण्या मिटत जा. एकटक बघताना माणूस ते विसरतो."

"आयुष्यभर हेच काम केलं. आधी नाही दुखले."

"मग कधीपासून?"

"झाली असतील दोनेक वर्षं," धाकटी म्हणाली, आणि पुढचं काही तिला नीट ऐकू आलं नाही.

थोरलीचं तोंड दिवसभर चालायचं. "ही विजार फाटली नाही गं, गिऱ्हाइकाच्या जेवणापुढे हिने हात टेकले," असं काहीबाही. धाकटी मान वर करायची, हसायची, हसताना डोळे मिटायचे. मध्येच थोरली उठून दारात जायची आणि तिथून हाक मारायची, "ये, बघ तरी कोण चाललंय." धाकटी कुरकुरत जायची, रस्त्याच्या टोकापर्यंत बघायची. हिच्यामुळे काम रेंगाळतं, असं तिला तेव्हा वाटायचं.

संध्याकाळी तिने फोन लावला.

"थोरले, डोळे दाखवून आले. मध्ये मध्ये मान वर करा म्हणाली."

"मग कर की. मानेला काय कुलूप लावलंय?" मागे मूल रडत होतं. "थांब गं, हा पडला बघ. करते नंतर."

नंतर फोन आला नाही. कधी येतेस, हे या वेळी धाकटीने विचारलंच नव्हतं.

सकाळी तिने बाहीवरचे निळे धागे उसवले आणि काळे घालायला घेतले. डॉक्टरने सांगितल्याप्रमाणे मध्ये मान वर केली. समोर खुर्ची. पापण्या मिटल्या, उघडल्या. खुर्चीच. तिसऱ्यांदा मान वर करायची वेळ आली तेव्हा तिने सुई कापडात टोचून ठेवली आणि ती बाहेर आली.

"माझं टेबल काचेपाशी लावा," ती मालकांना म्हणाली.

इस्त्रीवाल्याने इस्त्री उभी करून ठेवली.

"आणि दुसरं?" मालकांनी हळूच विचारलं.

"ते काढून टाका. थोरली आता येणार नाही."