चोरून दिलेलं ज्येष्ठमध

दाभण हातातून निसटलं तेव्हा मामंजींनी ते हसण्यावारी नेलं. "म्हातारं झालंय बिचारं," ते दाभणाबद्दल म्हणाले. दुसऱ्यांदा निसटलं तेव्हा उचलायला वाकले, आणि वाकलेलेच राहिले.

"पायात जीवच नाही गं."

मी पानांच्या घड्या तशाच टाकून उठले. बखोटीला धरून त्यांना स्टुलावर बसवलं. चाळीस वर्षं पुस्तकं बांधलेली ती बोटं खळीच्या भांड्याच्या काठावर थरथरत होती. पावलं सुजून चपलेच्या पट्ट्यांबाहेर आली होती. हे सकाळी माझ्या लक्षात कसं आलं नाही?

"छातीत काही होतंय?"

"मधेच एखादा ठोका चुकतो. शिवताना टाका चुकावा तसा."

हे त्यांनी इतकं सहज सांगितलं की मी लगेच दुकानाला कुलूप लावलं.

वाटेत घरून सासूबाईंना घेतलं आणि दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी दंडाला पट्टा बांधून दाब मोजला, सोडला, पुन्हा मोजला. जुना कागद पाहिला.

"दाबाची गोळी रोज घेता?"

"घड्याळ चुकेल, मी चुकत नाही," मामंजी म्हणाले.

"मग एवढा चढला कसा? ही गोळी अंगातलं पाणी काढते. सूजही आहे, तेव्हा दुप्पट करून बघू." त्यांनी पेन उचललं. "दुसरं काही घेत नाही ना? काढे, चूर्ण, झाडपाला?"

"छे, काहीच नाही," सासूबाई प्रश्न संपायच्या आत म्हणाल्या.

तीन महिन्यांपूर्वी मामंजींनी सिगरेट सोडली आणि खोकल्यानं त्यांना धरलं. तेव्हापासून दुकानातल्या चहात मी ज्येष्ठमधाची पूड घालत होते. घसा मऊ झाला, खोकला उतरला, आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. त्यांना सांगायची सोय नव्हती. खोकल्याचं औषध म्हटलं की ते कप सरकवून देत. सासूबाईंना तर मुळीच नाही. लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी बजावलं होतं, ह्यांच्या खाण्यापिण्यात दुसऱ्या कुणी हात घालायचा नाही. आमच्या घरात माया करायची ती चोरून. लोक साखर चोरतात, आम्ही साखर घालून पळतो.

पूड साधी, मुळाची, गोड. गोड वस्तूनं कुणाचं काय बिघडणार? पण पेन कागदाला टेकलं, आणि तो चुकलेला टाका माझ्याच छातीत बसला.

"थांबा," मी म्हणाले. "मी ज्येष्ठमध देते. चहातून. दिवसातून दोनदा."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. आता बोलणी बसणार म्हणून मी मान खाली घातली. त्या मात्र पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत भिंतीला म्हणाल्या, "मीही देते. पहाटेच्या काढ्यात. ह्यांना पित्त होऊ नये म्हणून."

"मला पित्त कधी झालं?"

"अहो, तुम्हाला व्हायला कशाला हवं? आमचं खवळवता तेवढं पुरे."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "आणि आजोबा, तुम्ही?"

मामंजींनी खिशात हात घातला. चावून चावून कुंचल्यासारख्या झालेल्या चार-पाच काड्या टेबलावर ठेवल्या. "सिगरेट सुटली ती यांच्याच जोरावर. दिवसाला सात-आठ होतात." तेही ज्येष्ठमधच.

पेन खाली गेलं. "झाड वाईट नाही. घशाला आराम देतं, पोटाची जळजळ शमवतं. पण तीन-तीन वाटांनी, महिनोन्‌महिने? त्यानं अंगात मीठ-पाणी साठतं, दाब चढतो आणि पोटॅशियम लघवीवाटे निघून जातं. ही गोळीही तेच काढते. हृदयाचा ठोका त्या पोटॅशियमवर चालतो, बाई. आणि मी दुप्पट लिहीत होते." त्यांनी लिहायला घेतलेली ओळ खोडली, शेजारच्या मोठ्या दवाखान्यात फोन लावला आणि चाकांची खुर्ची मागवली. मामंजींना एक पाऊलही चालू द्यायचं नव्हतं.

तासाभरानं आम्ही दोघी तिथल्या बाकावर. दारापलीकडे मामंजी, छातीला तारा, हाताला सलाईन, आणि यंत्रावर त्यांचा जीव रेघ होऊन धावत, अडखळत, पुन्हा धावत. नर्सनं सांगून ठेवलं होतं, पोटॅशियम फारच खाली गेलंय. उद्यापर्यंत नजरेआड करता येणार नाही, आणि मुळीचा असर पुरता उतरायला आठवडेही लागतील.

"किती घालायचीस?" सासूबाईंनी विचारलं.

"सपाट चमचा. तुम्ही?"

"मूठभर काड्या. चांगल्या आटवून." मग माझ्याकडे सरकून, "मला विचारलं का नाहीस?"

"तुम्ही सांगितलंत?"

त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. तो गार होता.

आत यंत्र टीं-टीं वाजू लागलं. नर्स धावली, आम्ही उठलो. तिनं तार दाबून बसवली आणि आवाज थांबला. बाहेर येताना तिनं माझ्या हातात कोरा कागद दिला. "ते पोटात काय काय घेतात, सगळं लिहा. क्षुल्लक वाटलं तरी लिहा."

"तू लिही," सासूबाई म्हणाल्या, "माझा चष्मा घरी राहिलाय." त्या एकेक सांगू लागल्या, मी लिहू लागले. दाबाची गोळी. काढा. चहातली पूड. काड्या. मग त्या थांबल्या. दाराकडे पाहून आवाज उतरवला.

"ते हिरवं चूर्ण पण लिही. झोपेसाठी देते, दुधातून."

"कसलं हिरवं?"

"शेजारणीनं दिलं. नाव मीही विचारलं नाही."

मी लिहिलं, हिरवं चूर्ण, नाव ठाऊक नाही. "आई, तुम्ही घरी जा, डबीच घेऊन या," एवढं म्हणून कागद धरून आत पळाले.